जंगलात कुणीतरी जागा धरून ठेवली होती

हाय सगळ्यांना! पहिल्यांदाच लिहितेय, भराभर टाईप करतेय, शुद्धलेखन पोटात घाला.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. इथले अनुभव मी जेवताना मोठ्याने वाचायचे आणि आम्ही दोघी खिदळायचो. दोघी म्हणजे मी आणि माझी फ्लॅटमेट प्रज्ञा. मी पुण्याची, ती नागपूरची. सिंगापूरला मरीन परेडमध्ये राहतो, नोकरी तुआसला. २०१६ मध्ये सगळी रजा एकदम टाकून बॅकपॅक घेऊन पेरूला गेलो. ॲमेझॉनचं जंगल बघायचंच होतं!

प्रज्ञाला दमा आहे. त्या दिवशी चालून चालून ती खूप दमली, म्हणून तिचं बरंच सामान मी माझ्या सॅकमध्ये घेतलं. तिचा पंपसुद्धा त्यातच गेला... दोघींच्या लक्षातच आलं नाही. एक आडवं पडलेलं झाड दिसलं. प्रज्ञाने खिशातून टिश्यूचं पाकीट काढून खोडावर ठेवलं आणि म्हणाली, "चोप केलंय हां, ही जागा आपली!"

सिंगापूरबाहेरच्यांसाठी सांगते — इथे हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलं की टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं आणि खुशाल रांगेत जायचं. जागा तुमची. यालाच इथे 'चोप' करणं म्हणतात. दुसऱ्याच्या पाकिटाला कुणी हात लावत नाही म्हणजे नाही.

आमचा गाईड होडी जवळ आणायला गेला. "इथून हलू नका," असं बजावून गेला होता. पण मला जायचं होतं हो... आणि आपल्याला पाणी लागतंच! बाटली सॅकमध्ये, म्हणून सॅक पाठीवर टाकली. गाईड मधेच परत आला तर, म्हणून आणखी थोडं आत, आणखी थोडं आत...

वळले तर वाटच नाही. सगळीकडे तीच झाडं. मी जीव तोडून ओरडले, पण किड्यांच्या किरकिरीत माझाच आवाज मला ऐकू येईना. वर पाऊस सुरू झाला. टॉर्चसाठी सॅकमध्ये हात घातला आणि हाताला पंप लागला. तिकडे प्रज्ञाला अटॅक आला तर?

रडायलाच लागले होते. तेवढ्यात एका मुळावर टिश्यूचं पाकीट दिसलं. आपल्या हॉकर सेंटरमधल्या आंटी विकतात ना, अगदी तसलंच. मी म्हटलं, वा रे माझी हुशार बाई, खुणा ठेवत आलीये! पुढे अजून एक. मग एका फांदीच्या बेचक्यात. मग दगडावर. पाऊस धो धो, पण त्या पाकिटांवर एक थेंब दिसत नव्हता. त्या क्षणी हे विचित्रही वाटलं नाही. मी नुसती पळत होते. एकही उचललं नाही... सवय! दुसऱ्याची जागा ना ती.

आणि समोर तेच झाड. प्रज्ञा पुढे वाकून बसलेली, ओठ काळेनिळे, छातीतून शिट्टीसारखा आवाज. बोलताही येईना. मी पंप तिच्या तोंडाला लावला. परत लावला. हळूहळू श्वास सुरळीत झाला तिचा.

"बरं झालं पाकिटं ठेवत आलीस," मी म्हटलं.

"कुठली पाकिटं? येडी झालीस का? मला उभं राहता येत नव्हतं!" तिने मूठ उघडली. तिचं एकुलतं एक पाकीट, भिजून लगदा झालेलं.

गाईड आल्यावर त्याला घेऊन मी आले त्या वाटेने मागे गेले. माझ्या बुटांचे ठसे होते. मुळावर, बेचक्यात, दगडावर... काहीच नाही. त्याने टोपी काढली, झाडांकडे बघून "ग्रासियास" (स्पॅनिशमध्ये धन्यवाद) म्हणाला आणि मला खूण केली, तूही म्हण. मी म्हटलं. मराठीतही म्हटलं, उगाच राहायला नको.

प्रज्ञाच्या आईला फोनवर सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "कुणी का असेना बाई, त्याचं भलं होवो."

ऑफिसमधले म्हणतात तुला भास झाला. असेलही! पण मग मी बरोब्बर त्या झाडापाशी कशी पोचले? मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला काही सुचलं तर कमेंटमध्ये सांगा.

आता रविवारची दुपार आहे. आतल्या खोलीत प्रज्ञा आडवी झालीये आणि काय घोरतेय! पूर्वी मी भिंतीवर थापा मारायचे. आता मारत नाही. घोरू दे.