मोहरीची वाटी

आमच्या बालीगंजच्या इमारतीत मराठी घरं दोनच, एक आमचं आणि एक दिगंबररावांचं. खिदिरपूरच्या गोदीत ते जहाजांची दुरुस्ती बघायचे. तिथे कामाला वाघ, घरी मात्र इकडची काडी तिकडे करायचे नाहीत. "मीनाक्षी, मी यांची बायको की खानावळवाली?" असं मला विचारून कालिंदी त्रेपन्न साली नागपूरला भावाकडे निघून गेली. मला विचाराल तर तिने उशीरच केला.

दीड वर्ष त्या घरात फक्त भिंतीवरचं घड्याळ बोलायचं. मग गोदीत एक जपानी बोट लागली. तिच्या इंजिनिअरने चहा पिता पिता दिगंबररावांना सांगितलं, रोज एक लहानशी गोष्ट सुधारायची, पण ते काम ज्याच्या हातचं, त्याला आधी विचारून. त्यांनी पहिलं अर्धं तेवढं उचललं. पुरुषच ते.

एके दिवशी करकरणाऱ्या दाराला तेल घातलं. दुसऱ्या दिवशी खुंटी खाली घेतली, कालिंदीचा हात पुरेल अशी. रोजचं रोज तिला पत्राने कळवायचे. दिवाळीनंतर तिचं उत्तर आलं, "आठ दिवस येऊन बघते. पटलं तर राहीन." ते पत्र मला दाखवताना त्यांचे डोळे भरले होते. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

ती आली, घरभर फिरली, हसलीसुद्धा. मग आमटीच्या फोडणीसाठी मसाल्याच्या डब्यात न बघता हात घातला, वीस वर्षांच्या सवयीने. मोहरीऐवजी चमचाभर मेथ्या पडल्या. दिगंबररावांनी आदल्याच दिवशी वाट्या सोयीच्या म्हणून नव्याने लावल्या होत्या. आमटी कडूजहर झाली.

"माझा हात कुठे जातो, एवढंही कधी पाहिलं नाहीत," ती हळूच म्हणाली. "आणि विचारलंही नाहीत." तिसऱ्या दिवशी हावड्याहून मेल पकडून ती परत गेली.

परवा ते डबा घेऊन माझ्या दारात उभे. "वहिनी, कालिंदीची मोहरी कुठल्या वाटीत असायची? होतं तसं लावून ठेवतो."

ओठांवर आलेला टोमणा मी गिळला. मला तरी कुठे ठाऊक होतं? "तिलाच विचारा," म्हटलं.

"तीन पत्रं टाकली," ते म्हणाले, आणि झाकण लावून घरी गेले.