मातेचं पुरळ आणि रंजीताची गोळी

चंद्रपूरकडच्या मूल गावाजवळच्या तळ्यावर जाळं टाकणाऱ्या नथ्थूला तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं जबड्याचा कॅन्सर झाला, तेव्हा त्याची लेक रंजीता बारावीत होती. सलाईनमधून औषध सुरू झालं, केस गेले, जेवण सुटलं. "एका मासोळीसाठी अख्ख्या तळ्यात जहर कालवून राह्यले," बाप म्हणाला. दिवाळीआधीच गेला.

रंजीतानं ते बोलणं गाठीला बांधलं. नागपूरच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं खपून तिनं नि सोबत्यांनी एक गोळी बनवली. बिघडलेल्या पेशींवरची खूण ओळखून तेवढ्यांनाच धरणारी. आता ती रोग्यांवर पारखली जात होती, आणि नेमके मूलकडचेच चार जण गोळी सोडून घरी बसले.

"ही नावं यादीतून काढून टाका," वरिष्ठ म्हणाले.

"मग आमच्याकडच्या माणसाला गोळी लागू पडते की नाही, हे कळणार कधी?" रंजीता म्हणाली आणि सकाळी तिनं मूलची एसटी धरली.

त्या चौघांतला एक, बापाच्या जाळ्याचा जोडीदार मनसारामकाका ओसरीवर बसला होता. दाराला कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, कांजिण्या आल्या की पाळतात तसं. काकाच्या तोंडावर, छातीवर पुरळ.

"काका, गोळी काऊन सोडली?"

"माता आली न बाई. मातेत दवा खात नाई. शिकली तं हेबी भुलली का?"

भुलली नव्हती. तिनं डहाळ्याला हात जोडले. गोळीनं असं पुरळ येतं, हे रोग्यांना द्यायच्या माहितीच्या कागदावर तिनंच लिहिलं होतं. गावात त्याला काय समजतील, ते मात्र तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ती घरून आईला घेऊन आली. वच्छलाबाईनं गावातल्या कितीक लेकरांना माता आली तेव्हा त्यांची सेवा केलेली. तिनं काकाला उजेडात वळवलं.

"ताप होता?"

"नाई."

"पाण्याचे फोड?"

"नाई."

"कवापासून हाये?"

"महिना झाला."

"मंग हे माता कशी रे? ते तापात येते अन् आठ-दहा दिसात जाते."

"अन् कोपली तं?"

"मी दहीभात दाखवतो तिले. माता सोडन, नथ्थू नाई सोडणार. तू वर गेला तं विचारन, माह्या पोरीची गोळी थुकली काऊन?"

काका वाकड्या जबड्यानं हसला. दुसऱ्या दिवशी रंजीतानं त्याला चंद्रपूरला नेलं. डॉक्टरांनी तपासून, मात्रा कमी करून गोळी पुन्हा चालू केली. उरलेल्या तिघांच्या घरी वच्छलाबाई स्वतः गेली नि तिनं त्यांनाही चंद्रपूरला धाडलं.

रंजीतानं कागदात ओळ वाढवली: 'पुरळ आलं तर ती माता समजून गोळी सोडू नका, गावातल्या जाणत्या बाईला विचारा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.' वरिष्ठांनी 'जाणत्या बाई'वर लाल रेघ मारली. तिनं ओळ तशीच परत पाठवली. तिसऱ्या खेपेला सही झाली. यादीत चारही नावं तशीच होती.