दुखणं लिव्हरचं, औषध वाफेचं

देवपुरात छातीरोगाचं क्लिनिक चालवतो म्हटल्यावर लोकांना वाटतं, बिचारा दिवसभर खोकला ऐकत असेल. खरं तर खोकल्यापेक्षा किस्सेच जास्त गोळा होतात! त्यातही लिव्हर खराब होऊन ज्यांच्या फुफ्फुसाच्या नसांत प्रेशर वाढतं, ते पेशंट मोजकेच. पण एकेक जण दहांना भारी. त्यांना छोट्या मशीनमधून औषधाची वाफ ओढायची असते, दिवसातून अनेकदा.

*

मुक्ताईनगरचे आबा, केळीचे बागायतदार. मी त्यांना समजावलं, "नसा अरुंद झाल्यात, हृदयाला जोर लावावा लागतोय. वाफेने नसा मोकळ्या होतील."

आबांचा चेहरा उजळला. "म्हणजे बागेतलं ड्रीप चोकअप झालं!"

मग एकदम पडला. "आम्ही त ते मोकळं कराले नळीत अ‍ॅसिड सोडतो, डॉक्टर. तुमी मले...?"

*

नरडाण्याकडचे नाना एसटीने लग्नाला निघाले होते. वाटेत डोसची वेळ झाली. मशीन काढलं, नळी तोंडात धरली. वाफ दिसताच शेजारची बाई ओरडली, "माणूस गया वं माय!"

नाना जोरजोरात हात हलवायला लागले. लोकांना वाटलं, निरोप घेताहेत! ड्रायव्हरने गाडी वळवली आणि आख्खी एसटी माझ्या दारात!

"नाना, तोंडाने सांगायचं ना!"

"तुम्हीच सांगेल व्हतं, वाफ लेताना बोलानं नही!"

*

याच नानांनी एकदा पाहुण्या शालकाला चहानंतर वाफ पाजली. त्या औषधाने बीपी उतरतं. शालक खाटेवर आडवा! नानांचा घाबरून फोन, "डॉक्टर, माले शे तोच आजार शालकले बी शे! वाफ लिधी नि लगेच चक्कर उनी!"

*

खाटेपासून दारापर्यंत जाताना धापा टाकणारे नाना पुढे गल्लीभर फिरायला लागले. फुफ्फुसातलं प्रेशर उतरलं. मुंबईचे सर्जन म्हणाले, आता लिव्हर बदलता येईल. लिव्हरचा तुकडा कोण देऊ शकेल म्हणून घरच्यांच्या तपासण्या झाल्या, आणि जुळलं ते नेमकं अक्कांचं, म्हणजे नानांच्या बायकोचं!

मी दोघांना समोर बसवून सांगितलं. नानांनी मान खाली घातली. "हिले काही व्हयी गयं तर?"

अक्कांनी सिस्टरला विचारलं, "लिव्हर म्हणजे काय वं?"

"काळीज, अक्का."

अक्का नवऱ्याकडे वळल्या. "जनमभर सांगतस, हिले काळीजच नही. मंग आते कोणतं मांगी ऱ्हायनात?"