गाल कोरे

पौषातल्या एका गुरुवारी माझे पती वारले. सकाळी ते दुर्बीण आणि वही घेऊन गंगापूर रोडवरच्या घरातून दिंडोरीला, भावाच्या द्राक्षबागेत गेले. दुपारी दिरांचा फोन आला.

वहीत त्या दिवसाची एकच नोंद होती : ‘नारिंगी कस्तूर, एक, विहिरीपाशी, आंब्याखाली. गाल कोरे.’

शेवटच्या दोन शब्दांसाठी ते तीन हिवाळे भांडत होते. आपल्याकडच्या नारिंगी कस्तुराचा चेहरा पांढुरका असतो आणि गालावर दोन काळपट उभे पट्टे असतात. तो इथलाच, पावसाळ्यात इथेच घरटं करतो. हिमालयाच्या पायथ्याशी वाढणाऱ्या त्याच्या भाईबंदाचे गाल मात्र नुसते नारिंगी. तो थंडीत दक्षिणेकडे उतरतो. जात एक, उपजाती दोन. ही दुसरी उपजाती दिंडोरीत येते, एवढंच यांचं म्हणणं. जिल्ह्याची पक्षीसूची करणाऱ्या मंडळाच्या प्रमुखांनी दर वेळी फोटो मागितला. यांच्याकडे कॅमेरा नव्हता. मग प्रमुखांनी यांच्या नोंदी पट्टेवाल्या उपजातीखाली टाकल्या.

चौदावा झाल्यावर मी त्यांना फोन केला.

“मॅडम, सरांबद्दल आदरच आहे. पण पट्टे दिसले नाहीत म्हणजे नव्हतेच, असं होत नाही.”

“मग नोंदी गाळून टाकायच्या. त्यांनी लिहिलं त्याच्या उलट कशाला छापायचं?”

“आदर आहे म्हणूनच गाळल्या नाहीत.”

या उपकाराचा राग अजून गेलेला नाही.

माघात दिरांच्या बागेत गेले. द्राक्षांत गोडी भरत होती आणि बागेवर पक्ष्यांसाठी नायलॉनची जाळी ओढलेली होती. विहिरीच्या बाजूला ती थेट जमिनीला टेकली होती, वर दगड ठेवलेले. कस्तूर जमिनीवरच पाला उलटत फिरतो. जाळी हातभर वर घे, असं यांनी भावाला कितीदा सांगितलं होतं. रोज सकाळी मजूर जाळी झटकत आणि अडकून मेलेली पाखरं शेणखताच्या खड्ड्यात टाकत. त्या दिवशी मी त्यांच्या आधी पोचले.

जाळीच्या खालच्या कडेला एक कस्तूर अडकून मेला होता. मी एक गाल पाहिला, मग मान वळवून दुसरा पाहिला. पट्टे नव्हते. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढले.

“काय करताय, वहिनी?” दीर मागे उभे होते.

“मंडळाला पाठवते.”

“आन् खाली काय लिवणार? माझी बाग, माझी जाळी? उद्या फॉरेस्टवाले दारात येतील.”

“जागा लिहिल्याशिवाय नोंद घेत नाहीत, भाऊजी.”

“दादानं जन्मभर पाखरं बघितली, बाग मी राखली. तो पडला तवा उचलायला मी होतो. तुमचं मंडळ नव्हतं.”

“जाळी वर घ्या म्हणून त्यांनी सांगितलं होतं.”

“पाखरू हाय ते! दादासाठी एवढ्या पळत नाय आलात कधी बागेत.” त्यांनी जाळीतून पक्षी ओढून काढला. “फोटो पाठवला तर परत इथं पाय ठेवू नका.”

ते बोलले त्यात खोटं काही नव्हतं. घरी आल्यावर मी फोटो पाठवला, जागेसकट.

वनखात्याचा माणूस बागेत दोनदा येऊन गेला, असं कळलं. प्रमुखांनी नोंद घेतली. जुन्या नोंदींचं मी विचारलं, तर म्हणाले, “मॅडम, हा पक्षी तुम्ही पाहिलेला. सरांनी पाहिलेला तोच, हे कशावरून?”

छापील सूचीत कोऱ्या गालाच्या उपजातीपुढे आता एक ओळ आहे : दिंडोरी तालुका, द्राक्षबाग, एक, मृत. निरीक्षक म्हणून माझं नाव आहे. यांच्या नोंदी पट्टेवाल्यांखालीच आहेत. दिंडोरीला मी जात नाही. वही आणि दुर्बीण माझ्याकडे आहेत.