पहिल्या निरोपाचा नंबर

ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणत. एखादा निरोप बारा सर्व्हरमधून जाताना मध्येच गडप झाला, की आम्ही एकमेकांवर खापर फोडायचो. काकांनी शिस्त लावली: प्रत्येक निरोपाला नंबर, आणि तो ज्या सर्व्हरवर पोचेल त्याने तो नंबर नोंदवायचाच. “पोस्टातसुद्धा शिक्का मारतात, तुमच्या यंत्रांना काय धाड भरलीय?”

काका निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. रोज सकाळी चाचणीसाठी सुटणारा पहिला निरोप मात्र अजून त्यांनी दिलेलाच नंबर मिरवत बाराही सर्व्हर फिरतो. काल प्रथमच मला तो फोन नंबरासारखा वाटला, म्हणून लावून पाहिला. पलीकडून काकांचाच “हॅलो” आला.

“काका, ऑफिसातून बोलतोय,” एवढंच म्हणालो.

“बोल, कितव्या सर्व्हरवर अडकलाय?”