तानाबाईच्या पांढऱ्या पेशी

आमच्या राळेगावकडे तानाबाईच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. कापूस वेचताना तिची पात, म्हणजे वाट्याची ओळ, सगळ्यांच्या पुढे आणि जीभ पातीच्याही पुढे. कापसाचा भाव पडलेली ती वर्षं, मालक सारखे मजुरांवर खेकसायचे. ही तोंडावर म्हणायची, "भाव पडला तं आमची कंबर काहून मोडून राह्यले?"

भ्यायची ती एकाच गोष्टीला, वावरात लघवीला बसायला. आडोसा नाही, चहूकडे माणसं. म्हणून दिवसभर पाणीच प्यायची नाही. उन्हाळी लागली, लघवीला आग आग व्हायला लागली, तरी सकाळी घोटभर धने भिजवलेलं पाणी पिऊन ही वेचणीला हजर. "बाईच्या जातीले हे चालतेच," म्हणे. काय बोलावं या बाईला! मी शेजारीण, माझं तिनं कधी ऐकलं नाही.

मग थंडी वाजून ताप भरला, पाठ धरली. मी आणि तिची लेक जया तिला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. लघवीत पू निघाला. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतू मूत्रपिंडापर्यंत चढलेत, पांढऱ्या पेशी फार वाढल्यात.

पांढऱ्या पेशी! जयाला घामच फुटला. आमच्या गल्लीतला भीमराज रक्ताच्या कॅन्सरनं गेला, तेव्हाही डॉक्टर हेच म्हणाले होते. तेव्हापासून तो शब्द आमच्याकडे कुणी मोठ्यानं काढत नाही. जयाचा एकच धोशा सुरू झाला, "मायच्या पेशी उतरल्या पायजे."

एका सकाळी तानाबाईचं अंग गार लागलं. नर्स डॉक्टरीणबाईंना सांगत होती, "पेशी एकदम उतरल्यात." जयानं तेवढंच ऐकलं. आमच्याकडे ताप उतरतो, विंचू उतरतो. उतरलं की माणूस सुटला. ती धावतच खाटेकडे गेली. "माय, पेशी उतरल्या! आता घरी जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना व्हरांड्यात बोलावलं.

"घरी? अहो, पांढऱ्या पेशी म्हणजे आजार नव्हे. जंतू शिरले की त्यांच्याशी लढायला त्या वाढतात. वाढल्या होत्या तोवर शरीर झुंजत होतं. आता त्या संपत आल्यात. अंग गार पडलंय, तेही चांगलं नाही. आम्ही औषध बदलतोय, पण मी काही सांगू शकत नाही."

जयानं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. जे व्हावं म्हणून आम्ही देव पाण्यात घातले होते, नेमकं तेच झालं होतं.

आत आलो तर तानाबाई गाठोडं बांधून, भिंतीला टेकून बसलेली. नखं निळसर दिसत होती.

"अवं, गावची एसटी निघून जाईन न!" ती आमच्यावर खेकसली. "तोंड पाहत काहून उभ्या राह्यल्या? धरा मले, उठवा."