परत केलेलं वाण

चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्हा सगळ्यांना काचेच्या वाटीत जलपर्णीचं रोप घालून वाण म्हणून दिलं. स्टीलच्या वाट्या वाटणाऱ्या आम्ही बाकीच्या मागासलेल्या ठरलो. जांभळं फूल येतं म्हणाल्या, आणि आलंही. उन्हाळ्यात त्या रोपानं वाटी सोडून माझी बादली व्यापली, तेव्हा मी ते वाघोलीतल्या आमच्या सोसायटीमागच्या ओढ्यात टाकून आले. जिवंत रोप कचऱ्यात टाकायला हात धजेना.

पावसाळा सरला आणि ओढ्याचं पाणी दिसेनासं झालं. वर हिरवंगार, खाली डास. सासऱ्यांना चिकुनगुनिया झाला. ताप उतरला, पण बोटं मिटेनात. जन्मभर स्वतःची दाढी स्वतः केलेला माणूस रोज सकाळी माझ्यापुढे मान वर करून बसू लागला. ते पाहिलं की चौथ्या मजल्यावर जाऊन त्या बाईंचा गळा धरावासा वाटे. हे रोप इथे आणलं कोणी? त्यांनीच. माझ्यापुरता निकाल लागला होता.

वाण परत करायची रीत नाही, म्हणूनच मी ते करायचं ठरवलं. पुढच्या संक्रांतीपर्यंत दम धरला. त्या दिवशी ओढ्यात उतरून घमेलंभर जलपर्णी चिखलासकट उपसली आणि संध्याकाळी भरल्या हळदीकुंकवात बाईंच्या पुढ्यात ठेवली.

"तुमचं वाण परत आणलंय," मी म्हणाले. "जरा वाढलंय."

त्यांच्या गालिच्यावर काळं पाणी पसरलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बाईंनी बाल्कनीचं दार उघडलं. त्यांचं रोप तिथेच टबात होतं, वर डासांची जाळी. मग एकेक जण बोलू लागली. कोणाचं वाळून गेलं होतं, कोणी त्याचं खत केलं होतं.

"अहो, तुमचं काय केलंत?" बाईंनी विचारलं.

मी घमेलं उचलून खाली आले.

मी कशासाठी वर गेले होते, ते सासऱ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दाढीला साबण लावताना त्यांनी विचारलं, "ओढ्यात कोणी टाकली, कळलं का?"

"कळलं," मी म्हणाले.

"मग सोडू नकोस त्याला," ते म्हणाले, आणि डोळे मिटून त्यांनी गळा माझ्यापुढे केला.